सायंदेवाला जावंच लागलं होतं

इंदूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "यजमानांची पीथमपूरची नोकरी गेली, अजून दुसरी लागलेली नाही. सासूबाई पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळल्या आहेत, वय चौऱ्याहत्तर. मुलगा स्पर्धा परीक्षेत दोनदा मागे पडला. मी रोज संध्याकाळी गुरुचरित्राचा चौदावा अध्याय वाचते. नणंद म्हणते, मध्ये खंड पडला म्हणून फळ मिळत नाही. खजराण्याच्या गणपतीला नवस बोल आणि दत्तजयंतीला सप्ताह धर, असाही तिचा आग्रह आहे. देवाच्या शक्तीवर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? माझी श्रद्धा कमी पडते आहे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. नाही, तुमची श्रद्धा कमी पडलेली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करून, घर सांभाळून, संध्याकाळी जी बाई पोथी उघडते तिच्या श्रद्धेचं माप काढायचा अधिकार कुणालाच नाही. नणंदेला नाही, मलाही नाही.

मी नारदीय कीर्तन करते आणि गुरुचरित्रावर निरूपणही करते. राजवाड्याच्या आसपासच्या देवळांपासून सुदामानगर-लोकमान्यनगरपर्यंत बरंच फिरणं होतं. तुमचा हा प्रश्न भर सभेत कुणी विचारत नाही. आरती झाली, बुक्का लावून झाला, पेटी-तबला आवरायला घेतला की एखादी बाई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "एवढं करूनही का होत नसेल हो?" तिला जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

चौदावा अध्याय तुम्हाला एव्हाना पाठ झाला असेल. पाठ झालेल्या गोष्टीची एक अडचण असते, तोंड पुढे धावतं आणि डोळे काही बघत नाहीत. म्हणून एकदा माझ्याबरोबर सावकाश वाचा. सायंदेव हा पोटासाठी जुलमी यवन अधिकाऱ्याची चाकरी करणारा माणूस. हा धनी दरवर्षी एका ब्राह्मणाचा जीव घेतो आणि आज त्याचं बोलावणं आलं आहे. दत्ताचा अवतार मानलेले गुरू श्रीनृसिंहसरस्वती समोर बसलेले असताना सायंदेव हे सगळं सांगून टाकतो. गेलो तर मारला जाईन, ही भीती तो जराही लपवत नाही. गुरूंपुढे मोठा भक्त असल्याचा आव आणत नाही.

गुरू त्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि म्हणतात:

भय सांडूनि तुवां जावें । क्रूर यवना भेटावें ।
संतोषोनि प्रियभावें । पुनरपि पाठवील आम्हांपाशीं ॥

यातलं "तुवां जावें" बघा. ज्यांच्याकडे एवढं सामर्थ्य आहे ते गुरू त्याला सहज म्हणू शकले असते, "बस इथेच, मी बघतो." त्या अधिकाऱ्याची बदली करवली असती, त्याला तापाने अंथरुणावर पाडलं असतं, निरोपच विसरायला लावला असता. तसं काही झालं नाही. सायंदेवाला उठून, पायांनी चालत, त्याच दारात जावं लागलं. पुढची ओवी अशी आहे की जोवर तू परत येत नाहीस तोवर आम्ही इथेच थांबतो: "जंववरी तूं परतोनि येसी । असों आम्ही भरंवसीं". म्हणजे जायचं त्याने आणि थांबायचं गुरूंनी, अशी ती वाटणी आहे. पुढे त्या अधिकाऱ्याचं मन फिरलं, त्याने वस्त्रं देऊन सायंदेवाला परत पाठवलं, हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण त्यावरच थांबतो. पण सायंदेव घरातून निघाला तेव्हा यातलं काहीच घडलेलं नव्हतं. दारापर्यंतचा सगळा रस्ता त्याने एका वाक्याच्या आधाराने कापला. देवाच्या शक्तीवर विश्वास म्हणतात तो हा रस्ता, असं माझं मत आहे. वस्त्रं मिळाल्यावर विश्वास ठेवायला काय लागतं?

आणखी एक गोष्ट त्या अध्यायात आहे. निरूपणात ती सहसा कुणी सांगत नाही. सुटका झाल्यावर सायंदेव परत आला आणि म्हणाला, आता मी तुमच्याबरोबरच येतो, चरण सोडत नाही. गुरूंनी त्याला बरोबर घेतलं नाही. आम्हाला तीर्थयात्रेला जायचं आहे, तुला पुन्हा दर्शन होईल ते पंधरा वर्षांनी, असं सांगून ते निघून गेले. म्हणजे ज्याच्यावर एवढी कृपा झाली तो माणूस पुढची पंधरा वर्षं आपल्या घरी, आपल्या संसारात, गुरू डोळ्यांसमोर नसताना राहिला. त्या वर्षांत त्याच्या घरी आजारपणं आली असतील, पैशांची ओढाताण झाली असेल. पोथी त्यावर काही बोलत नाही. तुमचं सध्याचं जगणं त्या न सांगितलेल्या वर्षांसारखं आहे, ताई. देव रागावला म्हणून ती वर्षं आली, असं पोथीत कुठेही म्हटलेलं नाही.

आता तुमच्या घरात "तुवां जावें" म्हणजे काय ते पाहू.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त शक्ती तिथे खर्च होते आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे अशा ठिकाणी जखमा होतात. हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. दिवसभर हे तुम्ही एकट्या करत असाल तर तुमची कंबर जाईल आणि मग त्यांनाही कोण बघणार? यजमान घरी आहेत. नोकरी गेलेला पुरुष घरात अवघडलेला असतो. त्याला काम सांगायचं तर तो दुखावेल, म्हणून बायका सांगत नाहीत. सांगा. रात्रीच्या दोन पाळ्या त्यांच्याकडे द्या. स्वतःच्या आईची कूस बदलताना कित्येक पुरुष पहिल्यांदा रडले आहेत आणि त्यानंतर घरात बोलू लागले आहेत, हे मी पाहिलं आहे. कूस बदलताना नाम घ्यायचं असेल तर जरूर घ्या. जनाबाई जात्यावर दळताना विठ्ठलाला हाक मारत होती आणि तो येऊन दळू लागायचा, अशी आपली समजूत आहे. दळण मात्र व्हायचंच होतं, ते तिला कुणी माफ केलं नव्हतं.

याला जोडूनच एक अगदी व्यवहाराची गोष्ट. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत. आधार कार्ड घेऊन त्यांचं आयुष्मान कार्ड काढलं आहे का? नसेल तर या आठवड्यात काढा. आमच्याकडे लोक देवाच्या मदतीची वाट बघतात आणि ती खिडकीवर रांग लावून, फॉर्म भरून मिळणार असेल तर तिला देवाची मदत म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही.

मुलाचं थोडक्यात सांगते. दोनदा मागे पडणं ही या परीक्षांत रोजचीच गोष्ट आहे. तिसऱ्यांदा बसायचं की नाही हे त्याला ठरवू द्या, फक्त किती काळ हे आधी ठरवून घ्या आणि सोबत काहीतरी मिळकतीचं बघायला सांगा. त्याच्या निकालाचं ओझं तुमच्या पोथीवर टाकू नका. "आई रोज वाचते तरी मी नापास," हे त्या पोराच्या मनात येतच असणार.

इंदुरात राहून अहिल्याबाईंचं नाव न घेता ही गोष्ट पुरी होत नाही. राजवाड्यासमोरून आपण रोज जातो, चित्रांत आणि पुतळ्यांत त्यांच्या हातातलं शिवलिंग बघतो आणि "किती भक्ती!" म्हणून पुढे निघतो. जरा सनावळी आठवा. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. १७६६ मध्ये ज्यांनी सती जाण्यापासून अडवलं, कारभार शिकवला ते सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. राज्य गिळायला पेशव्यांच्या घरातले राघोबादादा फौज घेऊन आले. उतारवयात नातू गेला, जावई गेला आणि मुलगी मुक्ताबाई आईने विनवूनही सती गेली. शंकराची एवढी उपासना करणाऱ्या बाईच्या वाट्याला हे आलं. नणंदबाईंच्या हिशेबाने पाहिलं तर अहिल्याबाईंच्या पूजेत केवढे खंड पडले असतील!

त्यांनी काय केलं? राघोबादादा आले तेव्हा देवघरात बसून राहिल्या नाहीत. लढाईची तयारी केली, इतर मराठा सरदारांकडे पत्रं धाडली आणि दादांना असा निरोप पाठवला की ते लढाई न करता परतले. तुकोजीराव होळकरांकडे फौज सोपवून स्वतः महेश्वरला रोज दरबारात बसल्या, तक्रारी ऐकल्या, हिशेब तपासले. हुकमावर स्वतःचं नाव न घालता "श्रीशंकर" लिहीत. मला सगळ्यात भावते ती त्यांची खासगी. खासगी म्हणजे होळकर घराण्यातल्या स्त्रियांचं स्वतंत्र उत्पन्न. काशीविश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये उभं राहिलं, देशभर घाट, धर्मशाळा, विहिरी झाल्या, त्या या खासगीतून. रयतेच्या पैशांना त्यांनी त्यासाठी हात लावला नाही. राज्य शंकराचं म्हणायचं आणि वही मात्र स्वतः तपासायची, हे दोन्ही एकाच बाईने एकाच दिवशी केलं. तुम्हीही घरचा हिशेब लिहायला घ्या. किती महिने पुरेल, कोणता हप्ता थांबवता येईल, सोनं कधी आणि किती मोडायचं, हे कागदावर आलं की भीतीला आकार येतो. आकार आलेल्या भीतीशी बोलता येतं.

आता रागाबद्दल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुम्हाला देवाचा राग येत असणार आणि त्या रागाचीच भीती वाटत असणार. तुकोबांकडे बघा. दुष्काळात धंदा बुडाला, पत गेली, "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. आणि याच माणसाने एका अभंगात सरळ म्हटलं, "माझे लेखीं देव मेला". असेल कुणासाठी तर असो, माझ्यापुरता मेला. हा अभंग गाथेतून कुणी फाडून टाकला नाही. आपण तो जपला, गायला. देवावर चिडणं हे देव आहे असं धरल्याशिवाय होत नाही, एवढं त्यातून मी घेते. आमच्याकडे "ठेविले अनंते तैसेचि रहावे" एवढी एकच ओळ धरून बायकांना गप्प बसवायची पद्धत आहे. तीच ओळ लिहिणारा माणूस विठ्ठलाशी किती कडाकडा भांडला, ते त्यांना कुणी सांगत नाही.

रोजच्या उपासनेचं म्हणाल तर माझा सल्ला असा की, ती लहान करा. इंदूरच्या दत्तभक्तांना करुणात्रिपदी वेगळी सांगायला नको. टेंब्ये स्वामींची रचना आणि नानामहाराज तराणेकरांमुळे इथल्या घराघरांत रुजलेली. तिच्या पहिल्या पदाची सुरुवात बघा: "शांत हो श्रीगुरुदत्ता, मम चित्ता शमवी आता". मागणं कशाचं आहे? चित्त शमव, एवढंच. नरसोबाच्या वाडीच्या पुजाऱ्यांच्या हातून चूक घडली आणि दत्तप्रभू रुष्ट झाले, तेव्हा स्वामींनी ही पदं रचली अशी परंपरा आहे. म्हणजे चूक झालेल्यांसाठी केलेली प्रार्थना आहे ही. दुसऱ्या पदात तर "ते मन निष्ठुर न करी आता" असं देवालाच सांगितलं आहे. खंड पडला म्हणून घाबरलेल्या बाईने म्हणावी अशी याहून नेमकी प्रार्थना मला माहीत नाही. तिन्ही पदं म्हणायला फारसा वेळ लागत नाही. ज्या दिवशी चौदावा अध्याय जमेल त्या दिवशी तो, ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी त्रिपदी. सासूबाईंच्या खाटेजवळ बसून मोठ्याने म्हणा, त्यांना ऐकू येतं. पक्षाघाताने वाचा गेलेली माणसंही कधीकधी सवयीच्या चालीवर शब्द उच्चारतात, हे डॉक्टरही सांगतील.

बायकांनी गुरुचरित्र वाचावं की नाही, हा वाद मला माहीत आहे. त्यात मी शिरत नाही. चौदावा अध्याय घरोघरी बायकाच वाचत आल्या आहेत, एवढं म्हणून पुढे जाते.

खजराण्याचा नवस. तिथे मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं आणि इच्छा पुरी झाली की येऊन ते सुलटं करायचं, अशी चाल आहे. जायचं तर जा. गणपतीचं दर्शन होईल, रिक्षात बसून तासभर घराबाहेर पडाल, येताना गरम पोहे खाल, हे सगळं तुम्हाला हवंच आहे. फक्त देवाशी हप्त्याचा करार करू नका. तुकोबांनी नवसाची टर उडवली आहेच. मला नवसाची काळजी वाटते ती पुढच्या पायरीमुळे: काम झालं नाही की माणूस स्वतःलाच खोटं ठरवतो, आणि मग आणखी मोठा नवस, आणखी कडक उपास. बाराशे-पंधराशे रुपयांचं "खात्रीचं" अनुष्ठान विकणारा कुणीतरी याच पायरीवर उभा असतो. जो तुमच्या भीतीचे पैसे मागतो त्याच्याकडे जाऊ नका, मग त्याने कितीही मोठं गंध लावलेलं असो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, सगळं संपवावं असा विचार तुमच्या किंवा यजमानांच्या किंवा मुलाच्या मनात डोकावत असेल, तर तो पोथीचा विषय नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. निकालाच्या दिवसांत मुलाकडे विशेष लक्ष ठेवा. औषध घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही. चौदाव्याच्या आदल्या, तेराव्या अध्यायात पोटशूळाने जीव द्यायला नदीवर निघालेल्या माणसाला गुरूंनी आधी थांबवलं, त्याचं ऐकून घेतलं आणि जेवू घातलं. उपदेशाने सुरुवात केली नाही.

राहिला सप्ताह. या वर्षी धरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सात दिवसांच्या पारायणात पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, अशी वाटणी असते. एका आसनावर, मध्ये न उठता, ठरल्या वेळी वाचायचं, सोवळं सांभाळायचं. घरात दर दोन तासांनी कूस बदलावी लागणारं माणूस असताना हे पाळायला गेलात तर अर्धं लक्ष खाटेकडे राहील आणि उठावं लागलं की पुन्हा "खंड पडला" हे सुरू. हौस असेल तर यजमानांना बसवा. त्यांच्याकडे वेळ आहे, आणि नोकरी गेल्यापासून सकाळी उठून तयार होण्याचं कारण त्यांना उरलेलं नाही, ते सात दिवस तरी मिळेल. तुम्ही स्वयंपाकघरातून ऐका, ऐकण्याला पारायणात मान आहेच. आणि नणंदबाई एवढ्या आग्रहाने सांगताहेत तर त्यांनाही त्या आठवड्यात राहायला बोलवा. आई त्यांचीही आहे. दुपारी बारा ते चार त्यांच्याकडे सोपवा, कूस कशी बदलायची, पाठीला पावडर कुठे लावायची ते एकदा नीट दाखवून द्या आणि त्या वेळात तुम्ही दार लावून झोपा.